मदत हवी आहे: तीन आठवड्यांच्या गिरिराज जातीच्या कोंबडीच्या पिल्लांना स्टार्टरशिवाय दुसरं खाणं कधी आणि कसं सुरू करावं?

परसबाग

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूण तालुक्यात राहतो. घरामागे चिऱ्याच्या भिंतीचं जुनं खुराडं आहे, ते डागडुजी करून यंदा वीस गिरिराज पिल्लं आणली. हॅचरीतून एक दिवसाची असतानाच आली, त्यामुळे आई नाही. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी दिलं, खाली भाताचं तूस पसरलंय, वर बल्ब आहे आणि खायला फक्त चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं दळलेलं तयार खाद्य. लासोटा आणि गंबोरो या लसी वेळेवर झाल्या. आता तिसरा आठवडा संपत आलाय, पंखांना पिसं फुटली आहेत आणि सगळी टुणटुणीत आहेत.

अडचण खाण्याची आहे. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, पिल्लांना वाळवी आणि कणी घातल्याशिवाय अंगच धरत नाहीत. मुलीला शाळेतून आली की त्यांना हातातून काहीतरी भरवायचं असतं. खाद्याच्या दुकानदाराने सांगितलं, आतापासून निम्मी कणी मिसळा, खर्च वाचेल. आणि एका ओळखीच्यांनी बजावलंय की आठ आठवडे स्टार्टरशिवाय चोचीला काही लावायचं नाही.

मला पिल्लं तगवायची आहेत, पण त्यांनी आयुष्यभर एकच कोरडा चुरा खावा असंही वाटत नाही. पुढे ती अंगणात मोकळी फिरणार, तर हिरवा पाला, किडे हे त्यांना ओळखता आलं पाहिजे. काल कोथिंबीर बारीक चिरून ताटलीत ठेवली तर सगळी लांब कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, एकही पुढे येईना. हे नेहमीचं आहे का? सुरुवात कशाने करू, किती देऊ, आणि काय मुळीच देऊ नको? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

रानपाखरू

ताई, कोपऱ्यात जाणं अगदी नेहमीचं. आई असती तर तिने कुट् कुट् आवाज करत तो तुकडा चोचीत उचलला असता, पुन्हा खाली टाकला असता, आणि पिल्लं धावत आली असती. खाण्याचं काय आणि न खाण्याचं काय हे पिल्लं असं शिकतात. तुमच्या पिल्लांना ते दाखवणारं कोणी नाही, म्हणून ते काम तुम्ही करायचं.

ताटली नवी नको, तीही त्यांना भीती घालते. ज्या फीडरमध्ये रोज खातात त्याच्या कडेलाच स्टार्टरवर चिमूटभर कोथिंबीर भुरभुरा आणि बोटाच्या टोकाने त्यावर टकटक करा, चोच मारल्यासारखी. तोंडाने एकच ठरलेला आवाज काढा. एक धीट पिल्लू येऊन चोच मारतं आणि मग बाकीची त्याचं बघून येतात. पहिल्या दिवशी नाही आली तर उचलून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच पदार्थ. आज कोथिंबीर, उद्या गाजर, परवा अंडं असं केलंत तर कशाचीच ओळख होणार नाही.

तो ठरलेला आवाज पुढे फार उपयोगी पडतो. संध्याकाळी मोकळ्या कोंबड्या खुराड्यात घ्यायच्या असल्या की तेवढ्यानेच येतात.

घाटमाथा

सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी पिल्लं फुटल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांना घेऊन उकिरड्यावर जाते, तिथे किडे, दाणे, पाला सगळं खाऊ घालते. तिला कोण सांगतं आठ आठवडे थांब म्हणून? हे स्टार्टर वगैरे काल आलं. पिल्लांना वाळवी घाला, बिनधास्त.

माळरान

घाटमाथा, तुमचं निरीक्षण खरं आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कोंबडीमागे फिरणारं पिल्लू पहिल्या दिवसापासून माती उकरतं आणि बारीक खडे गिळतं. कोंबडीला दात नाहीत. आपण कलेजी-पेठा म्हणतो त्यातला पेठा हेच तिचं जातं, आणि त्या जात्यात खडे असले की दाणा, पाला, किड्याचं कवच नीट दळलं जातं. तुसावर वाढणाऱ्या पिल्लाच्या पोटात एकही खडा नसतो. स्टार्टर आधीच दळलेला असतो, पाण्याने भिजून विरघळतो, म्हणून तेवढ्यावर त्याचं निभावतं. त्याच पिल्लाला आपण अख्खा दाणा किंवा लांब पाला दिला तर तो गळ्याखालच्या अन्नपिशवीत नाहीतर पेठ्यात अडकून बसू शकतो.

म्हणजे गावची पद्धतही खरी आणि थांबा म्हणणारेही खरे. दोघांच्या पिल्लांत फरक खड्यांचा आहे. ताई, तुमचा पहिला 'खाऊ' खडे असू देत. ते सुरू झाले की आठ आठवडे थांबायची गरज नाही.

तुम्ही कोकणात आहात म्हणून मुद्दाम सांगतो, समुद्राची वाळू आणू नका. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपल्याचा चुरा खड्याचं काम करत नाही, तो पोटात विरघळतो, आणि वाढत्या पिल्लाला तेवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला जड जातं. जांभ्याचा चुराही नको, तो ठिसूळ. नदीची खरखरीत वाळू किंवा क्रशरवरची काळ्या दगडाची कच घ्या, चाळणीने धूळ काढा, मोहरीएवढे खडे ठेवा, दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवा. वेगळ्या छोट्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. लागतील तेवढे ती आपणच उचलतात. दोन दिवस नुसते खडे, मग कोथिंबीर.

परसबाग

माळरान, हे वाचून पहिल्यांदा नीट उलगडा झाला. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आमच्या कोंबड्या अंगणातच असायच्या, खडे वेगळे द्यायचा प्रश्नच कुठे आला. कच उद्याच मिळेल.

आता कणीचं सांगाल का? दुकानदार म्हणतो तसं निम्मी मिसळू का? आणि वाळवी नक्की चालेल ना? पावसाळ्यामुळे बांधावर भरपूर आहे.

माळरान

कणी निम्मी? अजिबात नको. साधा हिशेब करा. चिक स्टार्टरमध्ये प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात, तांदळाच्या कणीत ७ टक्के. निम्मं-निम्मं केलं की मिश्रण साडेतेरा टक्क्यांवर येतं. याच वयात पिसं फुटत असतात आणि पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ते कमी पडलं की पिल्लं खुजी राहतात, पिसं उशिरा येतात, आणि एकमेकांची पिसं उपटायला लागतात. एकदा चोचीला रक्त लागलं की ती सवय मोडणं फार कठीण. वाचवलेले पैसे औषधात जातात.

कुठलाही वरखाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. या वयाचं पिल्लू दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातं. म्हणजे वीस पिल्लांना मिळून ५० ग्रॅम, एका अंड्याएवढं. एक उकडलेलं अंडं काट्याने बारीक कुस्करून सगळ्यांना मिळून द्यायचं, त्या दिवशीचा खाऊ संपला. पहिल्या खाऊंमध्ये अंड्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. मऊ आहे, प्रथिनं आहेत, आणि पिवळा रंग त्यांना चटकन दिसतो.

वाळवी उत्तम, फक्त ज्या वारुळावर किंवा घराजवळ कीटकनाशक मारलंय तिथली नको. कलमांच्या बुंध्याला औषध घातलं असेल तर तिथलीही नको. गांडुळांचा मात्र मी आग्रह धरणार नाही, त्यांच्यातून जंत येतात. वाळवी दोन-तीन ठिकाणी वेगवेगळी टाका. एकाच जागी टाकली तर एक पिल्लू तोंडात धरून पळतं, बाकीची त्याच्यामागे, आणि बारकी पिल्लं उपाशी राहतात. तुम्हाला त्या बारक्यांकडेच जास्त बघायचं आहे.

गोठा_आणि_खुराडं

मी पशुवैद्य आहे. वरचं सगळं बरोबर आहे, मला तुमच्या मोसमाबद्दल सांगायचं आहे. तीन ते सहा आठवडे हे वय आणि कोकणातला पाऊस, ही रक्ती हगवणीला सगळ्यात सोयीची वेळ. तिचे जंतू ओल्या तुसात वाढतात. ओला खाऊ तुसावर सांडला की ती जागा भिजते, म्हणून पाला, अंडं, फळ काहीही असो, पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचला आणि भिजलेलं तूस काढून कोरडं टाका. पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवा.

एका वेळी एकच नवा पदार्थ, मग दोन दिवस विष्ठा बघा. येत्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर असेल तर त्याच्या आगेमागे नवं काही देऊ नका, म्हणजे सुस्ती आली तर कशामुळे हे कळेल. दर आठ-दहा विष्ठांमागे एखादी तपकिरी, चिकट आणि फार घाण वासाची असते. ती नेहमीची आहे, घाबरू नका. पाला खाल्ल्यावर हिरवट दिसते, कलिंगडाने पातळ होते. बीट देऊ नका, कारण लाल विष्ठा दिसली की ते बीट की रक्त हे ठरवता येत नाही. बीट दिलेलं नसताना लाल दिसली, पिसं फुगवून पिल्लू बल्बखाली डोळे मिटून उभं राहिलं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठा घेऊन जा.

रोजची एक तपासणी शिका. रात्री झोपताना गळ्याखालची पिशवी भरलेली लागते, सकाळी खाण्याआधी ती सपाट लागली पाहिजे. सकाळीही फुगलेली, कणकेसारखी लागली तर आत काहीतरी अडकलंय. म्हणून खाऊ दुपारपर्यंतच द्या, रात्रीच्या तोंडावर नको.

मुळीच न देण्याच्या गोष्टी: मीठ असलेलं काहीही, म्हणजे शेव, फरसाण, लोणचं, भाजी-आमटीतलं उरलेलं. पिल्लाला मीठ फार लवकर बाधतं. कच्चा राजमा, कच्चे घेवड्याचे दाणे. अ‍ॅव्होकाडो. हिरवा पडलेला बटाटा आणि त्याची सालं. चॉकलेट. बुरशी आलेला मका, शेंगदाणे किंवा पेंड, मग ती धुतलेली असो की भाजलेली, बुरशीचं विष त्याने जात नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य देण्याआधी वास घेऊन बघा. दूधही नको, हगवण लागते. दही चमचाभर चालेल. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येईपर्यंत नको, त्यातलं कॅल्शियम त्यांच्यासाठी फार जास्त असतं.

मुलीला भरवू द्या, जरूर द्या. फक्त नंतर साबणाने हात धुवायचे आणि पिल्लं तोंडाजवळ न्यायची नाहीत, ही दोन बंधनं घाला.

परसबाग

डॉक्टर, माळरान, रानपाखरू, मनापासून आभार. कच आणून धुऊन ठेवली, पिल्लं त्यावर लगेच तुटून पडली, मला वाटलंही नव्हतं. नंतर फीडरच्या कडेला कोथिंबीर टाकून बोटाने टकटक केलं. एक काळसर पिल्लू आलं, मग चार, मग सगळी. अंडंही दिलं, दोन वाट्यांत, आणि बारकी दोन पिल्लं वेगळ्या कोपऱ्यात खाताना दिसली. सकाळी सगळ्यांच्या पिशव्या सपाट होत्या. मुलगी आता ठरलेला आवाज काढायला शिकली आहे आणि वाळवी आणायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.

एकच शेवटचं. शेवग्याचा पाला घरात भरपूर आहे आणि अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) करायचा विचार आहे. हे कधी? आणि कणी कधीच द्यायची नाही का?

माळरान

शेवगा आतापासून द्या, देठ काढून नुसती पानं, चिरून. पालकापेक्षा शेवगा मला बरा वाटतो, पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून तो रोज नको. अझोला सहाव्या आठवड्यानंतर. तो स्वच्छ पाण्याने चांगला धुवा, नाहीतर शेणाचा वास राहतो आणि कोंबड्या तोंड लावत नाहीत. तो बहुतेक पाणीच असतो, तेव्हा ढीगभर दिसला तरी त्याने स्टार्टर कमी करू नका.

कणी आठ आठवड्यांनंतर, ग्रोवर (स्टार्टरनंतरचं, वाढीच्या वयाचं खाद्य) सुरू झाल्यावर. तोवर ती दिवसभर अंगणात किडे-पाला खात असतील. संध्याकाळी आत घेताना ठरलेला आवाज काढून मूठभर कणी खुराड्यात टाका, तेवढी पुरे. आणि पहिल्यांदा बाहेर सोडाल तेव्हा सकाळी स्टार्टर पोटभर खाऊ घालूनच सोडा, उपाशी पिल्लू बाहेर दिसेल ते गिळतं. वरून जुनी मासेमारीची जाळी बांधून घ्या, घारीला वीस पिल्लं लांबून दिसतात.