अ‍ॅडम गूड्सने ‘हॉल ऑफ फेम’ (महान खेळाडूंची मानाची यादी) नाकारला, ते योग्यच केलं. तुमचं मत?

सिडनीकर

इथल्या मराठी मंडळात या विषयावरून परवा पुन्हा जुंपली, म्हणून धागा काढतोय.

फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लंबगोल मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, चार खांबांमधल्या मधल्या दोघांतून चेंडू लाथेने मारला की सहा गुण. अ‍ॅडम गूड्स १९९९ ते २०१५ सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने खेळला, ४६४ गोल मारले. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याने दोनदा पटकावलं, २००३ (तिघांत विभागून) आणि २००६ मध्ये. २००५ साली स्वान्सने ७२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना मैदान सोडलं नाही आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारला. त्या एका संध्याकाळीच तो माझा हिरो झाला.

गूड्स अबोरिजिनल आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, आदन्यामथन्हा आणि नरंगा या लोकांतला. मे २०१३ मध्ये मेलबर्नला कॉलिंगवुडविरुद्ध खेळताना प्रेक्षकांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने त्याला ‘एप’ (माकड) म्हटलं. त्याने बोट दाखवलं, सुरक्षारक्षकांनी तिला बाहेर नेलं. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला की मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. त्यानंतर काही दिवसांतच कॉलिंगवुडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी रेडिओवर गूड्सचं नाव किंग काँगच्या जाहिरातीशी जोडलं. २०१४ साली तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला. पुढच्या हंगामात तर चेंडू त्याच्याकडे गेला रे गेला की स्टेडियम हुर्यो उडवायला लागायचं. जुलैअखेरीस पर्थच्या सामन्यातही हेच झालं, त्यानंतर तो एक आठवडा खेळूच शकला नाही. सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. निवृत्त खेळाडूंची अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाला फेरी असते, तीही त्याने घेतली नाही.

फुटीची लीग (एएफएल) आणि तिच्या अठरा क्लबांनी माफी मागितली जून २०१९ मध्ये. वरातीमागून घोडं! मग २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम देऊ केला आणि त्याने नको म्हटलं. बोलायची गरज होती तेव्हा ज्यांना बोलता आलं नाही, त्यांच्याकडून हार का घालून घ्यावा?

पर्थवाला

खेळाडू म्हणून गूड्सबद्दल पूर्ण आदर आहे. पण पर्थच्या सगळ्या प्रेक्षकांना वर्णद्वेषी ठरवणं मला पटत नाही. त्याच्याच संघात लान्स फ्रँकलिन होता, तोही अबोरिजिनल. त्याच्या मागे कुणी असं हात धुऊन लागलं का? फ्री किक मिळवायला गूड्स मुद्दाम पडतो, असं अनेकांचं प्रामाणिक मत होतं. ते चूक असेल, पण मत होतं.

आणि हुर्यो म्हणाल तर आयपीएल २०२४ आठवा. रोहितच्या जागी हार्दिक मुंबईचा कर्णधार झाला आणि वानखेडेवर, घरच्या मैदानावर, त्याची हुर्यो उडाली. काही महिन्यांत विश्वचषक जिंकून आला तेव्हा त्याच वानखेडेने त्याला डोक्यावर घेतलं. प्रेक्षक असेच असतात. व्यावसायिक खेळाडूला एवढं सोसावंच लागतं.

सिडनीकर

@पर्थवाला, हार्दिकवर राग होता तो कर्णधारपदाचा. कारण संपलं, राग संपला. गूड्स १९९९ पासून खेळत होता. पडायची सवय होती म्हणता, तर मग पहिली चौदा वर्षं लोक गप्प का होते? फ्रँकलिनने तोपर्यंत कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं, हाच फरक आहे. अबोरिजिनल माणूस गोल मारतो तोवर चालतो, बोलायला लागला की खुपतो.

२९ मे २०१५ चा सामना मी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर बसून पाहिला. अबोरिजिनल संस्कृतीच्या सन्मानासाठी लीगनेच ठेवलेली ती फेरी होती. गोल मारल्यावर गूड्स कार्लटनच्या पाठीराख्यांच्या दिशेने नाचत गेला, पाय आपटत, आणि शेवटी हवेत भाला फेकल्यासारखा हात केला. तो नाच त्याने अबोरिजिनल पोरांच्या सोळा वर्षांखालच्या संघाकडून शिकला होता. न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या हाका नाचाच्या वेळी जे लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, त्यांना हा नाच धमकी वाटला. सन्मानाची फेरी ठेवायची आणि माणूस नाचला की खवळायचं, हे कसं?

संगमनेरी

त्याच मैदानावर जानेवारी २०२१ मध्ये सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या. कर्णधार आमच्या तालुक्याचा अजिंक्य रहाणे. तो सिराजला घेऊन पंचांकडे गेला, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडायची मुभा दिली होती, रहाणे म्हणाला आम्ही खेळणार. पण एक कबूल करू या: २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला वानखेडेवर माकडाचे हावभाव करून दाखवणारे आपलेच लोक होते. पर्थवाल्यांना बोलताना तेही लक्षात असावं.

मेलबर्नची आई

मी सिडनीकरांशी असहमत, पण पर्थवाल्यांच्या कारणासाठी नाही. हुर्यो वर्णद्वेषीच होती, त्यात मला शंका नाही.

माझी दोन्ही मुलं ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, जातात. आठ वर्षांचा धाकटा गूड्सचा ३७ नंबर पाठीवर लावतो, त्याच्या बाबाने जुने सामने दाखवलेत म्हणून. उद्या मी त्याला हॉल ऑफ फेमची यादी दाखवली तर त्यात हे नाव नसेल. नकार लीगला आहे हे मोठ्यांना समजतं, आठ वर्षांच्या पोराला फक्त रिकामी जागा दिसते. मायकल लाँग या अबोरिजिनल फुटीपटूचं बघा. १९९५ मध्ये प्रतिस्पर्ध्याने वर्णावरून शिवी दिली, लाँग हटून बसला आणि लीगला त्याबद्दल नियम करावा लागला. २००४ मध्ये पंतप्रधानांना भेटायला मेलबर्नहून कॅनबेराच्या दिशेने पायी निघाला. हॉल ऑफ फेममध्ये तो आहे, आणि आत असल्यामुळे त्याचा आवाज काही बारीक झाला नाही.

सिडनीकर

@मेलबर्नची आई, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण लाँगच्या वेळी लीगने त्याच वर्षी नियम केला. गूड्सला चार वर्षं वाट पाहावी लागली, तोवर त्याची कारकीर्द संपलेली होती. धाकट्याला त्या यादीऐवजी गूड्सने स्वान्सच्या जुन्या सहकाऱ्याबरोबर, मायकल ओलॉक्लिनबरोबर, काढलेलं जीओ फाउंडेशन दाखवा. अबोरिजिनल मुलांना शिष्यवृत्त्या देतं ते.

मेलबर्नची आई

दाखवीनच. तरी मला तो त्या यादीतही हवाय. लीगने दरवर्षी विचारावं, त्याला वाटेल तेव्हा तो हो म्हणेल.

पर्थवाला

यावर माझी हरकत नाही. विचारत राहावं. मात्र पर्थमध्ये त्या दिवशी माझ्या रांगेत हुर्यो न उडवणारेही बसले होते, एवढं नोंदवून ठेवतो.

संगमनेरी

@पर्थवाला, शेजाऱ्याला कुणी गप्प बस म्हणालं का?