नदीकाठची विहीर: जानेवारीत रिपोर्ट स्वच्छ, जुलैत जुलाब

मुलुंडची_सून:
कर्जतजवळ उल्हासच्या काठाला सासऱ्यांचं घर आहे. आम्ही मुलुंडला, शनिवार-रविवार तिकडे. विहीर नदीपासून टेप लावून 18 मीटर. भिवपुरीच्या वीजघराचं पाणी नदीत उतरतं, त्यामुळे मे महिन्यातही आटत नाही. सासऱ्यांचं म्हणणं, ‘नदीचं पाणी जमिनीतून गाळून येतं, वर आणि फिल्टर कशाला?’ जानेवारीत तपासून घेतलं, ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) नाही. जुलैत सासूबाई आणि धाकटा, दोघांनाही एकाच आठवड्यात जुलाब. लॅबवाले म्हणतात, ‘तेव्हा पाणी चांगलंच होतं.’ मग काठ गाळतो की नाही?

गिरगावचा_बाळ्या:
आधी पाणीपुरीची चौकशी करा. आमचे आजोबा ऐंशी वर्षं अशाच विहिरीचं प्यायले.

भांडुप_रिटायर्ड:
बाळ्या, आजोबांची किती भावंडं पाळण्यातच गेली, तेही विचार कधी.

ताई, लॅबचं खरं आहे, फक्त ते जानेवारीचं आहे. माझी नोकरी पाणी तपासण्यात गेली. काठ गाळतो, पण वाळूचा काठ. जर्मनीत डुसेलडॉर्फ 1870 पासून ऱ्हाइनकाठच्या विहिरींचं पाणी पितंय, आपल्याकडे हरिद्वारलाही गंगेकाठी अशा विहिरी आहेत. खाली वाळू-गोट्यांचा जाड थर, पाणी रमतगमत येतं, जंतू वाटेतच अडकतात नाहीतर मरतात. कर्जतला कुदळ दोन हात गेली की मुरूम, मग काळा पाषाण. भेगेतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं वाट काढतं. अमेरिकेच्या नियमात नदीपासून 50 फुटांवरच्या विहिरीला क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब करणारा, क्लोरीनला दाद न देणारा परजीवी) 90 टक्के गाळल्याचं श्रेय मिळतं, पण वाळू-रेतीचा थर असेल तरच. भेगाळ खडकाला शून्य. तुमच्या 18 मीटरवर भिस्त ठेवू नका.

त्यात पूर. तळाशी साचलेला बारीक गाळ हीच खरी चाळण, ती पहिल्या लोंढ्यात खरवडून जाते. नदी चढली की दाबही वाढतो, आठवड्यांची वाट दिवसांवर येते. म्हणून तपासणी पहिल्या पुरानंतर हवी. आत्ता एक करा. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणा, विहीर आणि नदी रोज मोजा. नदी चढल्यावर विहिरीचा आकडा एक-दोन दिवसांत नदीकडे घसरला, तर पाणी थेट येतंय. कठडा फुटका असेल तर मात्र अंगणातलं पाणी आत पडूनही आकडा घसरतो, तो आधी बघा.

मुलुंडची_सून:
कठडा धड आहे. शुक्रवारी विहीर 212, नदी 74. रात्री धो धो. रविवारी विहीर 118! शनिवारी एच टू एसची बाटलीही (विष्ठेतले जंतू असले की हिच्यातलं पाणी काळं होतं) भरून ओट्यावर ठेवली होती, रविवारी सकाळी आतलं पाणी शाईसारखं काळं. सासऱ्यांनी ती खिडकीशी धरून दोनदा पाहिली आणि म्हणाले, ‘बाटलीच खराब असेल.’ क्लोरीनच्या गोळ्या टाकू का?

भांडुप_रिटायर्ड:
दुसऱ्या बाटलीत मुलुंडचं उकळून गार केलेलं पाणी भरा आणि शेजारी ठेवा. ती काळी नाही झाली तर सासऱ्यांशी वाद घालावा लागणार नाही. गोळ्या जीवाणूंना पुरतात, क्रिप्टोस्पोरिडियमला नाही, शिवाय गढूळ पाण्यात निम्मा क्लोरीन गाळच खातो. पिण्याचं पाणी निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट. दिवाळीपर्यंत तरी यात सूट नको. दात घासायलाही तेच.

मुलुंडची_सून:
आणि ती काळी बाटली? वास फार येतोय.

भांडुप_रिटायर्ड:
आत जंतुनाशक ओता, तासभर ठेवा, मग संडासात. मोरीत नको, तिथे भांडी घासता ना!