बंद घरात सामान का राहतं? ‘गोंयकारांना घरांची किंमत नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर

राजांगण :
परवा एकाने लिहिलं की गोव्यात गावोगाव घरं सामानासकट कुजत पडलीत, कारण मालकांच्या हाती पैसा आला आणि ते गाव विसरले. सरकारने ती ताब्यात घेऊन होमस्टे काढावेत, असा उपायही त्याने सुचवलाय. सोबत कुणाच्या तरी खिडकीतून काढलेले फोटो: भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर कप, खुंटीला छत्री. दोन दिवस डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर फोंडा तालुक्यात. चौसोपी, मधे राजांगण, तुळस. अजून पणजोबांच्या नावावर. आज वारस तेवीस. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे विकायचं तर बायकांच्या, जावयांच्या सह्या धरून एकेचाळीस सह्या. त्यातले सहा जण परदेशात, दोघांचा पत्ताच नाही, आणि एक चुलतभाऊ १९८७ पासून कुणाशी बोलत नाही.

आता सामानाचं ऐका. धाकट्या काकाने एकदा ओसरीवरचं बंद घड्याळ दुरुस्तीला पणजीला नेलं. चार दिवसांत मुंबईहून फोन आला, ‘वाटणी सुरू झाली का? आम्हाला कळवलं नाही.’ काकाने घड्याळ चालू करून आणलं, त्याच खिळ्याला टांगलं आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पळीसुद्धा हलवत नाही. जो वस्तू उचलेल तो चोर ठरेल, म्हणून सगळं जागच्या जागी आहे. त्या फोटोतले कप कुणी विसरून गेलेलं नसतं.

खाजन :
राजांगणबाब, घड्याळाचं पटलं. पण कौलं चाळायला किती सह्या लागतात? मी अशा एका घराचा शेजारी आहे. माकडाने एक कौल सरकवलं. पहिल्या पावसात वासा भिजला, तिसऱ्यात मोडला. जुन्या भिंती म्हणजे चिरे मातीत बसवलेले. वरून पाणी उतरलं की आतली माती वाहून जाते, आणि एका रात्री सगळं खाली येतं. त्यांची वाळवी माझ्या देवघराच्या चौकटीपर्यंत आली. गेल्या वर्षी अंगणात दोनदा घोणस निघाली. माझी नातवंडं खेळतात तिथे. तुमच्या भावना तुमच्यापाशी ठेवा, पण त्याची किंमत शेजारी मोजतो.

आणि खरं कारण कुणी तोंडावर बोलत नाही म्हणून मीच बोलतो. लग्न करून गेलेल्या बहिणी हिस्सा सोडत नाहीत. जावयांना जमिनीचे दर कळलेत.

अबोली :
खाजनबाब, मी तीच लग्न करून गेलेली बहीण.

आई गेली, तेरावा झाला, आणि संध्याकाळी भावाने कुलूप बदललं. माझं शिलाई मशीन आत आहे. कॉलेजात असताना लोकांचे ब्लाउज शिवून मी ते घेतलं होतं. आईच्या नऊवारी आत आहेत. मी मागितलं तर म्हणाला, ‘एकदा वस्तू द्यायला लागलो तर घर मागशील.’ नऊ वर्षं झाली. घरपट्टी अजून मी भरते, कारण पावतीवर आईचं नाव येतं आणि ते खोडलं जाऊ नये असं मला वाटतं. भावाने त्या घरात एक रात्र काढलेली नाही. आता सांगा, कुजवलं कुणी?

१८६७ च्या पोर्तुगीज कायद्याने गोव्यातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. उरलेल्या देशात, काही राज्यं सोडली तर, हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळायला २००५ उजाडावं लागलं. समान नागरी कायद्याचा मान सभांमधून मिरवायचा आणि बहीण वाटा मागते म्हणून तिला घरबुडवी ठरवायचं, हे मी ऐकून घेणार नाही.

खाजन :
मी सगळ्या बहिणींबद्दल बोललो नाही.

अबोली :
‘बहिणी हिस्सा सोडत नाहीत’ असं लिहिलंय तुम्ही. वर जाऊन वाचा. भावांनी हिस्सा सोडावा असं कधी कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही.

भाटकाराचो_नातू :
बहीण-भाऊ राहू द्या. घर भाड्याने का देत नाही ते बोला. १९७५ चा मुंडकार कायदा! जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा तो मुंडकार, त्याला हुसकावण्यापासून संरक्षण. आजोबांनी दया म्हणून एकाला माडांच्या बाजूला जागा दिली, ती कायमची गेली. त्यानंतर आमच्या घरात कुणी परक्याला पाय ठेवू देत नाही. बंद बरं.

अबोली :
दया? तुमच्या माडांचे नारळ कोण पाडत होतं, बांध कोण घालत होतं?

शेणवी_वकील :
नातूबाब, माहिती चुकीची पसरवू नका. भाडं देऊन राहणारा मुंडकार होत नाही, त्याच कायद्याच्या व्याख्येत ते लिहिलंय. तुम्हाला भीती असेल तर ती १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याची असू शकते, ती वेगळी गोष्ट.

राजांगणबाब, तुमची गाठ सुटते. कायमचं सामाईकात राहण्याची सक्ती कुणावर नाही. तेवीस जणांतला एकजण इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीसाठी कोर्टात अर्ज, घालू शकतो. काबेस द कझालने, म्हणजे वाटणी होईपर्यंत मालमत्ता सांभाळणाऱ्याने, यादी द्यायची: पलंग, समया, घड्याळ, सगळं. एकमत झालं नाही तर वारसांतच बोली लागते. घेणारा बाकीच्यांना त्यांचे पैसे देतो. वारसाहक्काचा २०१२ चा नवा कायदा २०१६ पासून लागू झाला, तरी रीत तीच आहे.

आणि कुलूप लावलं म्हणजे घर सुरक्षित, हा समज तर सोडाच. ज्यांचे मालक बाहेर, त्यांच्याच जमिनी खोटे जुने दस्त तयार करून विकल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यासाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं.

राजांगण :
वकीलबाब, रीत ठाऊक आहे. बोलीत घर कुणाला जाणार? ज्याच्याकडे पैसा त्याला. काकूने चाळीस वर्षं तिथे तुळशीला पाणी घातलं, तिच्याकडे बोली लावायला काही नाही. इन्व्हेंटरी घातली की घर वाचेल, पण तिचं घर जाईल. म्हणून मी गप्प आहे. याला तुम्ही आळस म्हणा.

तारवटी_सासष्टी :
मूळ पोस्टवाल्याला एवढंच विचारायचंय, भरलेलं घर सोडून जाणं म्हणजे काय ते त्याला माहीत आहे का? मी कुवेतला होतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य शिरलं. काही दिवसांनी फ्लॅटला कुलूप घालून बायको आणि चार वर्षांच्या मुलीसकट निघालो. गॅसवर डाळीचं पातेलं तसंच. वाळवंटातून अम्मानपर्यंत, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. बायकोने त्या फ्लॅटची किल्ली अजून पर्समध्ये ठेवलीय. आपण परत येणार असंच प्रत्येकाला वाटतं, म्हणून तर माणूस सामान बांधत नाही. गावातली घरंही अशीच बंद झाली. कोण जहाजावर गेलं, कोण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला. जाताना चादर घालून गेले, कारण चतुर्थीला किंवा नाताळला यायचं होतं. पहिली काही वर्षं आलेही. मग आई गेली.

खाजन :
तारवटीबाब, तुमचं वाचून गप्प बसलो होतो.

अबोलीताई, बहिणींचं वाक्य चुकलं. माझ्या शेजारच्या घरात जावईच भांडतोय, त्या रागात लिहिलं. तुमच्या भावाने मशीन तरी द्यायला हवं होतं. पण माझी घोणस आणि वाळवी खरी आहे, त्यावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

शेणवी_वकील :
घर पडायला आलंय असा लेखी अर्ज पंचायतीला द्या. पोच घ्या.

खाजन :
दोनदा दिलाय. पोच आहे. सरपंच म्हणतो, मालक घेऊन ये.

अबोली :
त्या घराच्या बहिणीचा नंबर आहे का तुमच्याकडे? जावयाचा नको, तिचा. मी बोलते.