वजन 118 किलो, मागचे स्पोक सारखे तुटतात. चाक कोणतं घेऊ?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. उंची सहा फूट, वजन 118. नाशिकच्या गंगापूर रोडवरून सातपूर एमआयडीसीत रोज सायकलने कामाला जातो. हायब्रिड आहे, 700x35 टायर, मागे 7 गिअर, 32 स्पोक. पावसाळ्यापासून मागचे स्पोक तुटायला लागलेत. तेही गिअरच्या बाजूचे, आणि हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) वाकतात तिथेच. दुकानदार तुटलेला तेवढा बदलतो, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून देतो, की थोड्या दिवसांत शेजारचा जातो. आता तो म्हणतो, जाड 13 गेजचे टाकू. घरचे म्हणतात, स्कूटर घे. पण माझी शुगर या सायकलमुळे आटोक्यात आली आहे, ती मी सोडणार नाही. एकदाच खर्च करायची तयारी आहे.

घाटमाथा:
36 स्पोक, डबल वॉल (आत दुहेरी भिंत असलेली) रिम. कमी स्पोकची हलकी रेडीमेड चाकं कितीही देखणी दिसली तरी नको.

तारवाला:
दादा, आधी एक सांगतो. दोष तुमच्या वजनाचा नाही, चाक बांधणाऱ्याचा आहे. जुन्या इंग्लिश धर्तीच्या रोडस्टरला पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असायचे, कारण मागच्या चाकावर भार जास्त येतो हे बनवणाऱ्यांना माहीत होतं.

स्पोक खड्ड्यात तुटतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो आधीच थकलेला असतो. चाक फिरताना तळाशी आलेल्या स्पोकचा ताण उतरतो, वर गेला की परत चढतो. मुळात ताण कमी असेल तर तळाशी स्पोक पार ढिला पडतो आणि हबपाशी दर फेरीला थोडा हलतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतात, तेच हे. म्हणून एक बदलून भागत नाही, शेजारचेही तितकेच थकलेले असतात. दोन-तीन तुटले की सगळे बदलायचे.

13 गेजला माझा ठाम नकार. जाड स्पोक कमी ताणला जातो, म्हणून भार आला की लवकर ढिला पडतो. शिवाय हबची भोकं बहुधा 2 मिमीच्या स्पोकसाठी असतात. डबल बटेड घ्या: टोकांना 2.0, मध्ये 1.8 मिमी. मधला बारीक भाग ताण सोसतो, वाकाची जागा वाचते. निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पितळी, ॲल्युमिनियमचे नकोत. 36 भोकांची डबल वॉल रिम, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत दुसऱ्या तीन स्पोकना छेदून जाईल अशी बांधणी.

पण रिमपेक्षा हात महत्त्वाचा. महाग रिम ढिली बांधली तर तीही हेच करेल. गिअरच्या बाजूला साधारण 100 ते 120 किलोचा ताण हवा, रिम बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत. ताण मोजायचा मीटर असलेला कारागीर शोधा. नसेल तर एका बाजूचे स्पोक छेडून ऐका, आवाज जवळपास सारखा यायला हवा. बांधून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत घट्ट दाबून पुन्हा आऊट काढायचा. हे अनेक जण टाळतात आणि पहिल्याच महिन्यात चाक परत येतं.

आणि हब बघा. 7 गिअर म्हणजे बहुधा फ्रीव्हील, हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला गिअरचा संच. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, म्हणून वजनदार माणसाचा ॲक्सल वाकतो. कॅसेट हबमध्ये, म्हणजे ज्यावर गिअरचा संच सरकवून बसवतात त्यात, ते टोकाजवळ येतं. शिमानो डिओरसारखा 36 भोकांचा कॅसेट हब घ्या.

गोदाकाठ:
मनापासून आभार. माझं फ्रीव्हील की कॅसेट, कसं ओळखू? आणि कॅसेट घेतली तर गिअरचे शिफ्टरही बदलावे लागतील?

तारवाला:
मागचे गिअर उलटे फिरवा आणि मधोमध पान्याच्या खाचा बघा. खाचा बरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील.

शिफ्टर राहू द्या. 7 ची कॅसेट 8-9 गिअरच्या हबवर 4.5 मिमीचा स्पेसर टाकून बसते. हब घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा, 135 मिमी आहे का ते. तुमचे ब्रेक डिस्क की रिमचे, तेही सांगा, हब त्यावर ठरेल.

घाटमाथा:
टायरही 40 चा करा, फ्रेममध्ये जागा असेल तर. आणि मागे हवा पुढच्यापेक्षा जास्त ठेवा, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत.

गोदाकाठ:
मोजलं, 135 आहे. खाचा जागेवरच राहतात, म्हणजे फ्रीव्हील. ब्रेक डिस्क, सहा बोल्टची. नाशिकमध्ये मीटर घेऊन चाक बांधणारं कोणी माहीत असेल तर मेसेज करा, रविवारी सायकल घेऊन येतो.