सोन्याचं इंजेक्शन आणि सुवर्णभस्म: दोन्हींत सोनं एकच का?

वेंगुर्ल्याचा_फार्मासिस्ट: आमवाताच्या जुन्या चिठ्ठ्यांवर सोडियम ऑरोथायोमॅलेट, म्हणजे सोन्याचं इंजेक्शन, दिसतं. इकडे लोक म्हणतात, "सोनं ते सोनं, भस्म घ्या." रसायन तेच का? आणि या इंजेक्शनच्या अँप्यूलचा (बंद काचेच्या कुपीचा) रंग का गडद होतो?

रत्नागिरी_रसायन: अजिबात नाही. भस्मात सोनं मुख्यतः धातूच, अतिसूक्ष्म कणांचं. इंजेक्शनात ते +१ अवस्थेत (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं), गंधकाला धरून. हा गंधक महत्त्वाचा, कारण सुटं +१ सोनं पाण्यात टिकत नाही: तीन आयनांतले दोन धातू होतात, तिसरा +३. उजेड नि उष्णता लागली की औषध बिघडतं, रंग गडद होतो. फिकट पिवळं चालतं, गडद झालेलं फेकाच. पावसाळ्यातला दमट वारा काचेतून आत जात नाही, खिडकीतलं ऊन मात्र जातं.

शरीरात सोनं जोडीदार बदलतं. रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ३४व्या जागेवरच्या सिस्टीनला (गंधक असलेल्या अमिनो आम्लाला) चिकटतं, पेशीत थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या एन्झाइमच्या सेलेनियमला.

मालवणी_संधिवात: गोळीतलं ऑरानोफिन वेगळं: सोन्याच्या एका बाजूला फॉस्फिन (फॉस्फरसचा गट), दुसऱ्या बाजूला गंधक. सोनं सुमारे २९ टक्के, म्हणजे ३ मिग्रॅ गोळीत जेमतेम ०.९ मिग्रॅ. जुलाब हीच मुख्य तक्रार. इंजेक्शन स्नायूत: आधी १० मिग्रॅ चाचणीला, मग २५, पुढे आठवड्याला ५०. दरवेळी लघवीतली प्रथिनं नि रक्तपेशी बघायच्या. खाज किंवा तोंड आलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. आता आमवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध असल्यामुळे हे क्वचितच लागतं.

वेंगुर्ल्याचा_फार्मासिस्ट: मग फळीवरचे खोके आजच आतल्या कपाटात.