अंध नायिकेचं काम अंध मैत्रीणच करतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या एकांकिकेत अंध नायिकेचं काम पहिल्यांदाच एक अंध मैत्रीण करतेय. वाचनाच्या दिवशीच तिने विचारलं, "ही सारखी हात पुढे करून चाचपडत का असते? आणि शेवटी हिला दिसायलाच का लागतं?" आम्ही गप्प. नाटक-सिनेमात तेच बघत आलो ना! शेवट आता बदललाय.

दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक बसवलं. १९८६च्या 'नाचे मयूरी' सिनेमात नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी जयपूर फूट (कृत्रिम पाय) लावून स्वतःचीच गोष्ट साकारली. म्हणजे वाट आहे. आमचं अडलंय ते हालचालींपाशी. तालमीच्या हॉलमध्ये सतरंजीखाली सुतळी चिकटवलीय, तिच्या पावलांना ती बरोबर लागते आणि ती बिनधास्त वळते. पण स्पर्धेत नेपथ्य लावायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

अशा तालमी कुणी घेतल्यात का? खुणेसाठी काय वापरलंत? पुण्यात संहिता ब्रेलमध्ये कुठे करून मिळेल? आणि अंध प्रेक्षकांना मूक प्रसंग ऐकवायची सोय कुणी मराठी प्रयोगात केली असेल, तर कशी केली ते जरूर सांगा. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे.