चांगले करण्याचा कंटाळा येतो तेव्हा : गोव्यातील वाचकांचे अनुभव

मागच्या रविवारी वास्को येथील आमच्या मराठी मंडळीची प्रार्थना संपल्यानंतर एका भगिनीने सर्वांसमोर विचारले, "चांगले करीत राहा, असे आपण दर आठवड्याला ऐकतो. पण किती दिवस?" खोलीत बसलेल्या आम्हा पंधरा-सोळा जणांपैकी कोणालाही उत्तर सुचले नाही. ते बरेच झाले असे मला वाटते, कारण घाईने दिलेले उत्तर म्हणजे तिच्या थकव्याचा अपमान ठरला असता.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील नववे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. चांगले करण्याचा कंटाळा करू नका, खचला नाहीत तर योग्य वेळी पीक पदरात पडेल, असा त्याचा आशय. या वचनात पौल कंटाळ्याचे नाव घेतो, याचे मला फार मोल वाटते. ज्याने कधी हात हलवलाच नाही त्याला चांगुलपणाचा कंटाळा कुठून येणार? तो शब्द राबून दमलेल्यांसाठीच आहे. शिवाय पौल 'योग्य वेळी' एवढेच सांगतो. ती वेळ कोणती, हे तो सांगत नाही, आणि नेमके तेथेच आपण अडखळतो.

ख्रिस्ताची कथा मराठीत सांगण्याची गोव्याची परंपरा जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच भाषेत आपण एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, म्हणून हा धागा उघडत आहे. येथे यशोगाथा नकोत. जेथे आपण थकलात, फसलात, थांबलात किंवा पुन्हा उभे राहिलात, ते लिहावे. लिहिणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. कृपया कोणाचेही नाव लिहू नये.

चोडण बेटावरील एक शेतकरी

मी हिंदू आहे. आमची शेती खाजन जमिनीत आहे. ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही जमीन असते आणि त्या बांधात पाणी आत-बाहेर करण्यासाठी मानस बसवलेली असते. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर लोटत उघडतात. हे सारे नीट चालते ते बांध धड असेपर्यंत. आमच्याकडे एका पावसाळ्यात बांध फुटला आणि दुरुस्तीला इतका वेळ लागला की भरतीचे पाणी महिनोन्‌महिने शेतात येत-जात राहिले. जमीन खारावली. कडेने खारफुटी माजली.

शेजारी एक वयस्कर ख्रिस्ती गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. बांध पुन्हा उभा राहिल्यावर त्यांनी मला स्वतःच्या कणगीतले कोरगुटाचे बियाणे दिले. कोरगुट हे खार सोसणारे आमचे जुने भात आहे. मे महिन्यात ढेकळे उन्हात तापवायची, पहिल्या मोठ्या सरींनी मातीतला खार धुऊन काढायचा, ते पाणी ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचे आणि मग मोड आलेले बी पेरायचे, अशी त्याची रीत. बियाणे भिजवून ओल्या गोणपाटात गवताखाली दडपून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोणपाटात हात घातला की आत ऊब लागते आणि बोटांना पांढरे बारीक मोड टोचतात. तो स्पर्श ज्याने घेतला आहे, त्याला पेरणीविषयी आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या वर्षी सगळे बी करपले. दुसऱ्या वर्षीही तेच झाले. तिसऱ्या वर्षी काका पुन्हा बियाण्याची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मला अक्षरशः राग आला. मी त्यांना म्हणालो, "काका, तुमचे बियाणे मी खाडीत टाकतोय." ते बांधावर बसले आणि मार्काच्या शुभवर्तमानातील एक दृष्टान्त त्यांनी मला कोकणीतून सांगितला. एक माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसे उगवते व वाढते हे त्याला कळतही नाही. नंतर ते म्हणाले, "उगवणे तुझे काम नाही. खार धुणे तुझे काम आहे."

चौथ्या वर्षी अर्ध्या शेतात पीक आले. उरलेल्या अर्ध्यात आजही खारफुटीच आहे, आणि ती जाईल असे मला वाटत नाही. पहिली कणसे घेऊन मी काकांच्या घरी गेलो. त्यांनी ती घरातल्या क्रुसाजवळ ठेवली आणि मला विचारले, "मानशीच्या फळ्या बदलल्यास का?"

मडगाव येथील एक निवृत्त परिचारिका

माझा अनुभव थोडक्यात आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एका वृद्ध रुग्णाची सुमारे पाच महिने शुश्रूषा केली. पाठीला झालेल्या जखमा धुणे, कूस बदलणे, पेज भरवणे हे सारे करताना तो मला शिव्या देत असे. मी वाट पाहिली की एखादा दिवस तरी तो बरे बोलेल. तो बोलला नाही. एके पहाटे तो गेला आणि त्याचा शेवटचा शब्दही माझ्यावर चिडूनच उच्चारलेला होता.

बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ यांच्यावर माझी श्रद्धा आहे. १६८७ साली ते मजुराच्या वेषात श्रीलंकेला पोहोचले. पुढे कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकले गेले. त्याच कँडीत १६९७ साली देवीची साथ पसरली, लोक आपल्या माणसांना टाकून पळू लागले, तेव्हा या कैद भोगलेल्या पाद्रींनी घरोघर जाऊन रोग्यांना उचलले, धुतले, मेलेल्यांना पुरले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, तेव्हा गोव्यात फार आनंद झाला. माझ्या मनात मात्र १७११ साली कँडीतच संपलेले त्यांचे आयुष्य होते. मध्ये तीनशे वर्षे गेली. त्या पाच महिन्यांचे मला काय मिळाले, असा विचार मी तेव्हापासून सोडला.

फोंडा तालुक्यातील एक ज्येष्ठ वाचक

धाग्याचा विषय चांगला आहे. तरीही एक गोष्ट आदरपूर्वक मांडतो, कारण ती मनात ठेवून गोड बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पोर्तुगीज सत्तेत देवळे पाडली जात होती, म्हणून १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, श्रीमंगेश प्रियोळला आणावा लागला. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि ते कायमचे बंद होण्यास १८१२ साल उजाडले. आमच्या घरात या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. त्यामुळे कोणी ख्रिस्ती माणूस दयेची गोष्ट बोलू लागला की आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे आधी विचारीत, 'यामागे काय आहे?' त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे, की माझ्या आजीच्या बाळंतपणात मध्यरात्री कंदील घेऊन धावून आलेली सुईण ख्रिस्ती होती आणि तिने कधी काही मागितले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या पेरणीला अट चिकटलेली असते, तिला पेरणी म्हणावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

धागा उघडणाऱ्याचे उत्तर

फोंड्याचे काका, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तिला पेरणी म्हणू नये, असेच माझे मत आहे. आपला उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. ज्या दानाला मोबदला हवा असतो, मग तो पैशांचा असो की मंडळीतील हजेरीचा, ते या वचनापुढे टिकत नाही. मी स्वतःला एक प्रश्न विचारीत असतो, की ज्या घरी मी तांदूळ पोहोचवतो ते कुटुंब आमच्या प्रार्थनेला कधीच येणार नाही, असे मला आज निश्चित कळले, तर उद्या मी तांदूळ नेईन का? काही वेळा माझे उत्तर लगेच 'होय' असे आलेले नाही, आणि त्याची मला लाज वाटली आहे.

बार्देशमधील एक गृहिणी

आमच्याकडे फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों वाजवीत पहाटे येतो, पिशवीतले पैसे घेतो आणि पाव ठेवून जातो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या यजमानांचे काम बंद पडले आणि मी पिशवीत पैसे ठेवणे थांबवले. पिशवी काढून घ्यायची मात्र राहून गेली. पहिल्या दिवसांत पोदेरही येत नव्हता. तो पुन्हा येऊ लागला त्या सकाळी पिशवीत चार पोये, म्हणजे कोंड्याचे पाव, होते, अजून गरम, कोंड्याची भुकटी बोटांना लागणारे. दुसऱ्या दिवशीही चार. आम्ही घरात चौघे आहोत हे त्याला नेहमीच्या हिशेबावरून ठाऊक होते. दोन महिन्यांनी मी पैसे मोजून हातात दिले तेव्हा त्याने ते न मोजता खिशात टाकले आणि पुढच्या घराकडे वळला. मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, परंतु देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नये, हे मला त्या पिशवीने शिकवले.

डिचोलीतील एक शिक्षिका

मी फसले, त्याविषयी लिहिते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी तीन वर्षे शुल्कासाठी पैसे देत होते. ते पैसे शाळेपर्यंत पोहोचतच नव्हते, हे मुलाचे नाव थकबाकीच्या यादीत पाहिल्यावर मला कळले. त्यानंतर दोन वर्षे मी कोणालाही एक रुपया दिला नाही, आणि मागायला आलेल्या एका खरोखर गरजू मुलीलाही रिकाम्या हाताने परत पाठवले. फसल्याचे दुःख ओसरले. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पौलाच्या त्याच सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे म्हटले आहे आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा असेही म्हटले आहे. पूर्वी मला हा विरोधाभास वाटे. आता मला त्यात व्यवहार दिसतो. मी पैसे थेट शाळेच्या कार्यालयात भरते, पावती मुलाच्या हाती देते, आणि पुस्तके सांभाळणे व वर्गात येणे हा त्याचा भार त्याच्याकडेच ठेवते. दया करताना डोळे मिटावेत असे ख्रिस्ताने कोठे सांगितलेले मला आढळलेले नाही.

सत्तरी तालुक्यातील एक दुकानदार

२३ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले. पहिल्या आठवड्यात मदत इतकी आली की बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात रस्ता ओस पडला. चिखल वाळून भिंतींना चिकटला होता, तो खरवडायला माणूस मिळेना. म्हापशाकडचे एक ख्रिस्ती जोडपे त्यानंतरही दर रविवारी दुपारी, त्यांचा मिस्सा, म्हणजे चर्चमधील उपासना, आटोपून, खुरपी आणि बादल्या घेऊन येत राहिले. दिवाळीपर्यंत आले. त्या बाईंनी माझ्या दुकानाच्या वजनकाट्याच्या फटींतला गाळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला. मी त्यांना विचारले, "तुम्हांला कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "येतो ना. म्हणून तर दोघे येतो. एकाला आला की दुसरा ओढून आणतो."

प्रश्न विचारणारी भगिनी

मागच्या रविवारी प्रश्न विचारणारी ती मीच. मी आपणा सर्वांचे लिखाण दोनदा वाचले. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून दारूच्या आहारी गेलेला आहे. मी त्याला दोनदा उपचारांसाठी नेले, दोन्ही वेळा तो अर्ध्यातून परतला. आता तो घरात राहत नाही. मी रोज रात्री मागच्या पडवीत त्याच्यासाठी ताट झाकून ठेवते. तो केव्हा येतो, जेवतो की कुत्र्याला घालतो, हे मला कळत नाही. सकाळी खरकटे ताट पायरीवर पडलेले असते आणि ते उचलताना रोज माझ्या मनात येते, की आजपासून बंद.

चोडणच्या दादांनी खार धुण्याविषयी जे लिहिले, ते वाचून मी बराच वेळ बसून होते. त्यांच्या उरलेल्या अर्ध्या शेतात अजून खारफुटी आहे, हे त्यांनी लपवले नाही, म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला. सत्तरीच्या दुकानदारांनी सांगितलेल्या जोडप्याबद्दल वाचून मी पहिल्यांदाच माझ्या यजमानांना म्हणाले, की आठवड्यातून दोन दिवस ताट तुम्ही वाढा. ते काही न बोलता उठले आणि काल रात्री त्यांनीच आमटी-भात वाढून, माशाचा तुकडा बाजूला काढून ठेवला.

आज पहाटे जोराची सर येऊन गेली. मी उठून मागे गेले तेव्हा ताट पायरीवर नव्हते. पडवीच्या कट्ट्यावर ते पालथे घातलेले होते, स्वच्छ. त्याने धुतले की पागोळ्यांच्या पाण्याने धुतले गेले, ते मला सांगता येणार नाही. यजमान म्हणतात, पाऊस ताट पालथे घालत नाही. मी त्यावर काही बोलले नाही. रात्रीचे तांदूळ निवडून ठेवले आहेत.